भुंगेऱ्यापासून सिंहापर्यंत: नामिब ते एटोशा, बारा दिवस

नामिबियाला फोटोंसाठी जायचं तर सप्टेंबरचा मधला पंधरवडा धरावा. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्याजवळच्या वाळूत सकाळी इतका गारठा असतो की साप-सरडे उशिरापर्यंत वर येत नाहीत. ऑक्टोबर उजाडला की उत्तरेच्या एटोशा राष्ट्रीय उद्यानात पारा चाळिशीकडे सरकतो आणि सकाळी नऊनंतर लांब पल्ल्याची लेन्स हातात धरून उपयोग नसतो. सप्टेंबरात दोन्हीकडचं जमून येतं.

मार्ग आम्ही मुद्दाम लहानाकडून मोठ्याकडे आखला. आधी वाळूतले भुंगेरे, पाली, साप, मग कोरड्या नदीतले हत्ती आणि शेवटी एटोशाचे सिंह. एकदा सिंह पाहिला की भुंगेऱ्यासाठी पोटावर झोपायला कोणी तयार होत नाही, हा अनुभव बहुतेक गटांचा आहे. एकूण पल्ला सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त खडीचा.

सामान थोडक्यात असं. कॅमेरा बॉडी दोन, कारण धुळीत लेन्स बदलायची वेळच येऊ द्यायची नाही. एकीवर १००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स, दुसरीवर सकाळी १०० मिलिमीटर मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) आणि दुपारी वाइड. ट्रायपॉड फक्त रात्रीच्या पाणवठ्यासाठी. दिवसा गाडीच्या खिडकीवर बीन बॅग, आणि वाळूत तवा. तवा म्हणजे खरोखरच तवा: उभ्या काठाचा जुना नॉनस्टिक पॅन घ्यायचा, दांडा काढायचा, मधोमध भोक पाडून खालून ३/८ इंची बोल्ट घालायचा आणि वर बॉलहेड, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवता येणारा गोळ्याचा सांधा, बसवायचं. बोल्टचं डोकं तळाशी राहतं, वाळूत ते आपसूक रुततं. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर येतो आणि पॅन वाळूवरून ढकलत पुढे नेता येतो. ट्रायपॉडचे पाय वाळूत खचतात आणि फोकस हलतो, तसं इथे होत नाही. वजन कमी, आणि तुटलं तर दु:ख नाही.

पहिला दिवस: विंडहुक

घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. विमानतळ शहरापासून ४५ किलोमीटरवर. गाडी डावीकडूनच चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्या माणसाला पहिल्या दिवशी गोंधळायला होत नाही. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट मात्र भारतातूनच काढून न्यावं.

गाडी ताब्यात घेताना अर्धा तास गेला तरी चालेल, पण पुढच्या गोष्टी स्वतः हात लावून पाहाव्यात. स्टेपनी दोन आहेत का, आणि दोन्हींत हवा आहे का. जॅक वर जातो का. व्हील स्पॅनर नटावर नीट बसतो का. कॉम्प्रेसर चालू करून बघावा, हवा मोजायचं गेज वेगळं मागून घ्यावं. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची फळी असावी, नाहीतर वाळूत गाडीऐवजी जॅकच खाली जातो. गाडीचे चारी बाजूंनी, काचेचे आणि टायरांचे फोटो त्याच वेळी काढून ठेवावेत.

बीन बॅग रिकामी न्यायची. विंडहुकच्या सुपरमार्केटात चार किलो तांदूळ घ्यायचा आणि तीन किलो भरायचा, पिशवी टम्म फुगवायची नाही. गच्च भरलेल्या पिशवीवर लेन्स डुगडुगते. सैल पिशवी खिडकीच्या काचेवर दोन्ही बाजूंनी लोंबते आणि लेन्सला कुशीत घेते. उरलेला किलोभर खायला.

चार्जिंगची एक सोय अशी की तिथली सॉकेट आपल्या गिझरच्या, म्हणजे मोठ्या तीन पिनांच्या प्लगची असतात. घरून १५ अँपिअरचा प्लग लावलेली एक्स्टेंशन न्यावी, अ‍ॅडाप्टर शोधत फिरावं लागत नाही. गाडीसाठी बारा व्होल्टचा इन्व्हर्टर वेगळा.

दुसरा दिवस: विंडहुक ते सेस्रीम

सॉलिटेअरमार्गे साधारण साडेतीनशे किलोमीटर, पण सहा तास धरावेत. शहर सुटलं की डांबर लवकरच संपतं आणि खरी परीक्षा टायरच्या हवेची सुरू होते. डांबरावर ३२ ते ३५ पीएसआय, खडीवर २६ ते २८, खोल वाळूत १५ ते १८. हवा कमी केली की टायर पसरतो, टोकदार खड्यावर आदळण्याऐवजी त्याला पोटात घेतो, आणि वाळूत रुतण्याऐवजी वर राहतो. पण कमी हवेत वेग वाढवला की टायरची बाजू सतत दुमडून तापते आणि फाटते. म्हणून खडीवर कायद्याने १०० चालत असलं तरी ८० च्या वर जायचं नाही. पर्यटकांचे इथले मोठे अपघात बहुतेक समोरासमोरच्या धडकेचे नसतात. वळणावर खडीत गाडी सरकते, माणूस घाबरून ब्रेक मारतो आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवतो, आणि गाडी उलटते. सरकली तर ॲक्सिलेटर सोडायचा, स्टिअरिंग जायचं त्या दिशेला धरायचं, ब्रेकला पाय लावायचा नाही.

पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या रस्त्यावर कॅमेऱ्याचे स्क्रू ढिले होतात, हे घरी आल्यावर कळतं. कॅमेरा मागच्या सीटवर, मांडीइतक्या उंचीच्या गादीवर, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवावा. अभ्रा धूळ अडवतो आणि प्राणी दिसला की एका हिसक्यात निघतो. बॅगेच्या चेनशी झटापट करेपर्यंत कोल्हा निघून गेलेला असतो. पंख्याची हवा बाहेरून घेणारी ठेवून जोर वाढवला की गाडीत दाब राहतो आणि फटींतून धूळ आत येत नाही. समोरून गाडी आली की तेवढ्यापुरती हवा आतल्या आत फिरती करायची.

सॉलिटेअरला डिझेल भरायचं. टाकी अर्धी असली तरी भरायचं.

तिसरा दिवस: सोसुस्फ्ले

सेस्रीम म्हणजे सोसुस्फ्लेच्या लाल वाळूच्या टेकड्यांचं प्रवेशद्वार. तिथे राहायचं ते आतल्या फाटकाच्या आत. आतल्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेर राहणाऱ्यांना सूर्योदयालाच. सप्टेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. पुढे ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे, म्हणजे बाहेरचा माणूस वाळूच्या टेकड्यांशी पोचेपर्यंत पहिला उजेड संपलेला असतो. या एका तासासाठी आत राहण्याचे जास्तीचे पैसे मोजावेत.

शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळू. हवा १६ वर आणायची, फोर व्हील लो लावायचं, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखं जायचं. मधे थांबायचं नाही, ब्रेक न मारता गाडीला आपोआप मंदावू द्यायचं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की त्याच क्षणी पाय काढायचा. आणखी दोन सेकंद रेस केली की गाडी पोटावर बसते, मग खोऱ्याचं काम. आधी चाकांपुढची वाळू हाताने काढायची, हवा आणखी दोन-तीनने उतरवायची आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे यायचं. हे नको असेल तर तिथून शटल गाड्या जातात.

सकाळच्या तांबड्या उजेडात लाल वाळूच्या पायथ्याशी गेम्सबॉक, लांब सरळ शिंगांचं मोठं हरीण, उभा असतो. फोटो सगळ्यांकडे असतो आणि बहुतेकांचा बिघडलेला असतो. कारण वाळू इतकी लाल की लाल चॅनेल आधी भरून वाहतो आणि कॅमेऱ्याचा एकरंगी हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ते सांगत नाही. तीन रंगांचा हिस्टोग्राम लावावा. उजव्या भिंतीला लाल टेकला तर एक्स्पोजर तिसरा हिस्सा ते दोन तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उतरवावं, नाहीतर टेकडीचा पोत जाऊन नुसता नारिंगी पट्टा उरतो. प्राणी फ्रेममध्ये लहानच ठेवावा, पण त्याची शिंगं सावलीच्या काळ्या भागावर येऊ देऊ नयेत. ती उजळ वाळूवर आली तरच दिसतात. त्यासाठी आपणच चार पावलं सरकायचं.

डेडफ्लेची वाळलेली झाडं बघून घ्यावीत, एक किलोमीटरभर चालावं लागतं. त्यांच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की इथे पुरे.

भुंगेरे कुठे शोधायचे, तर टेकडीचा जो उभा, घसरता उतार असतो त्याच्या तळाशी. वारा वाळलेलं गवत, बिया, मेलेले किडे उडवून आणतो आणि ते सगळं याच तळाशी साचतं. इथल्या वाळवंटाचं कोठार म्हणजे हा कचरा. ऊन वाळूला लागलं की काळे टॉक-टॉकी भुंगेरे वर येतात. पोट जमिनीवर आपटून टकटक आवाज करत जोडीदाराला बोलावतात, त्यावरून नाव पडलं. त्यांच्यातला ऑनिमॅक्रिस प्लाना हा चपट्या, पसरट अंगाचा आणि लांब पायांचा असून भुंगेऱ्याच्या मानाने भलताच वेगाने पळतो.

त्याच्या मागे धावणारा हरतो. तो कुठल्या रेषेत चाललाय ते पाहून दीड-दोन मीटर पुढे जाऊन झोपायचं, तवा टेकवायचा, फोकस आधीच एका खड्यावर लावून ठेवायचा आणि तो त्या खड्याशी आला की सलग फ्रेम सोडायच्या. १/१६०० शटर, एफ ८, आयएसओ ८०० च्या आसपास. एफ १६ केलं तर खोली वाढते पण मागची वाळू कणाकणाने टोचायला लागते. काळी कुळकुळीत पाठ आणि उजळ वाळू असल्यामुळे मीटर फसतो. वाळूवर मोजून दोन तृतीयांशाने वाढवायचं, पाठीवरची चमक जळली तर जळू द्यायची. आणखी एक: उन्हात आपली सावली त्याच्या वाटेवर पडली तर तो कधीकधी सरळ त्या सावलीकडे वळतो, आणि मग तो मॅक्रोच्या किमान अंतराच्याही आत येऊन बसतो.

चौथा दिवस: सेस्रीम ते स्वाकोपमुंड

दिवसभर खडीचा प्रवास, मधे मकरवृत्ताची पाटी आणि कुइसेबची घाटी. वॉल्विस बेच्या खाडीवर फ्लेमिंगो असतात. भरतीला ते काठाजवळ सरकतात, तेव्हाच थांबावं. किनाऱ्याला येताना थंडी एकदम वाढते, अंगात जाकीट लागतं. बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह इथून जातो, त्याच्यावरून येणारी हवा थंडावते आणि वर्षातले शंभराहून जास्त दिवस धुकं आत शिरतं. पाऊस जवळजवळ नाहीच. पुढच्या दिवशी जे काही दिसतं ते या धुक्यावर जगतं.

पाचवा दिवस: स्वाकोपमुंडची वाळू

शहराला लागूनच वाळूच्या टेकड्यांचा पट्टा सुरू होतो. तो डोरोब राष्ट्रीय उद्यानात येतो. स्वतःची गाडी घेऊन इथे शिरायचं नाही. खडकाळ सपाटीवर दगडफूल पसरलेलं असतं आणि त्यावर उमटलेली चाकोरी पिढ्यान्‌पिढ्या राहते. परवानाधारक वाटाड्याबरोबर सकाळी आठला निघून एकपर्यंत परतायचं. वेळ याच कारणाने ठरलेली आहे की साडेदहा-अकरानंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि वाळूवरचे सगळे माग पुसले जातात. माग गेले की वाटाड्याही आंधळा.

वाटाडे सगळं मागावरूनच काढतात. पेरिंग्वेचा वाळूसाप जिथून गेला तिथे एकमेकांना समांतर, थोड्या थोड्या अंतरावर, तिरक्या रेघा उमटतात. कोकणात फुरसं पाहिलेल्याला ही चाल ओळखीची वाटेल. तसंच अंगाचं वेटोळं उचलून आडवं टाकत जाणं. साप मात्र जेमतेम वीतभर, २५ सेंटिमीटरच्या आसपास. रेघा जिथे संपतात तिथे तो वाळूत बुडालेला असतो आणि वर फक्त दोन डोळे. डोळे डोक्याच्या बाजूला नसून माथ्यावर आहेत, ते यासाठीच. शेपटीचं टोक तो कधीकधी वाळूबाहेर किड्यासारखं हलवतो आणि ते खायला आलेल्या पालीला पकडतो.

बुडालेल्या सापाचा फोटो सगळ्यात अवघड. समोर झोपण्याआधी आपली जागा वाटाड्याकडून तपासून घ्यायची, कारण जिथे एक आहे तिथे दुसरा असू शकतो आणि आपण पोटावर पडणार असतो. अंतर किमान एक मीटर. मॅक्रोपेक्षा १००-४०० ची लेन्स जवळच्या फोकसवर वापरणं जास्त सोयीचं. फोकस डाव्या-उजव्या डोळ्यांतल्या जवळच्या डोळ्यावर, एफ ११. दोन्ही डोळे एका प्रतलात आणायचे असतील तर कॅमेरा अगदी समोर, सापाच्या नाकाच्या रेषेत हवा. पाच अंश जरी हललं तरी एक डोळा जातो. तो चालायला लागला की उलट करायचं: उभं राहून, कडेचा उजेड घेऊन, वरून. तेव्हा विषय साप नसतो, रेघा असतात. रेघांची सावली सकाळी नऊपर्यंतच पडते.

जाळीदार पायांची पाल, पाल्मॅटो गेको, निशाचर आहे. ती दिवसा बिळात, वाटाडा उकरून काढून दाखवतो. अंगाची कातडी इतकी पातळ की आतल्या नसा दिसतात. पापण्या नाहीत, जिभेने डोळे चाटून साफ करते. फोटोसाठी लोक तिला उन्हात ठेवून घेतात आणि हे सरळ चूक आहे. ही कातडी उन्हासाठी बनलेलीच नाही. एकाने टोपीची सावली धरायची, बाकीच्यांनी सेटिंग आधीच एखाद्या खड्यावर लावून घ्यायचं, प्रत्येकाला दहा सेकंद, मिनिटभरात पाल परत बिळात. सावलीतला उजेड निळसर असतो, तो घरी दुरुस्त होतो. दहा जणांचा गट असेल तर पाल पाहायची, फोटो एकानेच काढायचा.

घोयरा सरडा इथला वेगळा. नामाक्वा घोयरा झाडावर चढत नाही, कारण झाडच नाही. तो वाळूवर चालून भुंगेरे खातो. थंड सकाळी उन्हाकडची बाजू काळी आणि सावलीकडची फिकट करून तो अंग तापवतो. हे दोन रंग एका फ्रेममध्ये हवे असतील तर समोरून किंवा वरून घ्यावं लागतं, बाजूने घेतलं की एकच रंग येतो. वाटाडा त्याला अळी टाकून जीभ बाहेर काढायला लावतो. ते फोटो छान येतात, आणि सगळ्यांचे सारखेच येतात. त्यापेक्षा दहा मिनिटं दूर बसलं तर तो स्वतः भुंगेरा पकडतो. जिभेसाठी १/३२०० तरी हवं.

वाळू तापली की फावड्यासारख्या नाकाची पाल चटके चुकवायला एका वेळी तिरक्या रेषेतले दोन पाय उचलते, पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट. ही कसरत अकराच्या सुमारास दिसते. मग ती नाक खुपसून वाळूत सूर मारते आणि पुन्हा वर येत नाही. पुढे पाऊल टाकलं की संपलं, म्हणून जिथे आहोत तिथूनच ४०० ने.

धुकं पिणारा भुंगेरा, ऑनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस, या सहलीत दिसेलच असं नाही. तो पहाटे धुक्यात टेकडीच्या धारेवर येतो, वाऱ्याकडे पाठ वर करून डोक्यावर उभा राहतो आणि पाठीवर जमलेले थेंब ओघळून तोंडात येतात. १९७६ मध्ये हॅमिल्टन आणि सीली या संशोधकांनी हे नोंदवलं. एका सकाळी स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पिणारेही त्यांना आढळले. इंटरनेटवर या गोष्टीबरोबर बऱ्याचदा खडबडीत पाठीच्या दुसऱ्याच भुंगेऱ्याचा फोटो लावलेला असतो. उंग्विक्युलॅरिसची पाठ गुळगुळीत आहे. याचाच एक नातेवाईक, लेपिडोकोरा, डोक्यावर उभा राहत नाही. तो धुक्याच्या वाऱ्याला आडवी अशी वाळूत बारीक नाली खणतो आणि तिच्या कडांवर साचलेलं पाणी पितो. या दोघांसाठी धुक्याच्या पहाटे उजाडण्याआधी धारेवर असायला हवं. लेन्सवर दव बसतं, म्हणून हूड लावून तोंड खाली ठेवायचं आणि शेवटच्या क्षणी वर करायचं.

वाळूतून परत आल्यावर लेन्स कापडाने पुसायची नाही. वाळूचा कण म्हणजे काचेवर फिरवलेला पॉलिश पेपर. आधी लेन्स उलटी धरून ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग पुन्हा ब्लोअर, आणि कापड सगळ्यात शेवटी. झूमची नळी आतबाहेर करण्याआधी तिच्या सांध्यावरून ब्रश फिरवावा. नाहीतर ती पिचकारीसारखी वाळू आत ओढते आणि मग झूम फिरवताना करकर आवाज येतो. तो आवाज आला की झूम त्याच जागी ठेवायचा, जोर करायचा नाही.

सहावा दिवस: वेल्विचियाचं पठार

अर्ध्या दिवसाचं काम. वेल्विचिया या वाळवंटी झाडाला आयुष्यभर दोनच पानं असतात, ती फाटून फाटून चिंध्या होतात. फोटो झाडाचा सगळे काढतात. मादी झाडाच्या शंकूंवर लाल-काळे ढेकणासारखे किडे असतात ते कोणी बघत नाही. रस शोषायला तिथेच बसून राहतात, पळत नाहीत, मॅक्रोचा हात बसवायला यांच्यासारखा विषय नाही. मुळांवर पाय पडू नये म्हणून झाडापासून दोन मीटर लांब राहायचं असतं, त्यामुळे १०० ऐवजी १८० ची मॅक्रो किंवा टेलिला, म्हणजे लांब पल्ल्याच्या लेन्सला, जवळचा फोकस मिळवून देणारी एक्स्टेंशन ट्यूब.

सातवा दिवस: उईसमार्गे ट्वायफेलफोंटाइन

केप क्रॉसची सील वसाहत गाळली. पिल्लं नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मतात, सप्टेंबरात नुसता वास. टायरची बाजू फाटली ती याच टप्प्यावर. नट गाडी वर उचलण्याआधी अर्धा आटा सैल करायचे, फळीवर जॅक, आणि नवीन चाक बसवल्यावर पन्नास किलोमीटरांनी नट पुन्हा आवळायचे. ते सैल होतातच.

आठवा दिवस: कोरड्या नदीतले हत्ती

हुआब आणि आबा-हुआबच्या कोरड्या पात्रांत हत्ती झाडांच्या सावलीने फिरतात. ते वेगळ्या जातीचे नाहीत, आफ्रिकेतलेच हत्ती आहेत. कोरड्यात लांब चालून पाणी शोधायची सवय झालेले. स्थानिक वाटाड्याच्या गाडीतून जायचं. पात्रात गाडी हत्तीच्या वाटेवर आडवी लावायची नाही आणि निघायची वाट मागे मोकळी हवी. फोटो ७० मिलिमीटरने काढावा, ४०० ने नव्हे. डोळ्याच्या सुरकुत्या कुठल्याही हत्तीच्या निघतात. मागचा लाल डोंगर इथेच आहे.

या भागात वाळवंटी सिंह आहेत. त्यांच्या मागे लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते थोडे आहेत, गुरं राखणाऱ्या लोकांच्या शेजारी राहतात, आणि फोटोसोबत ठिकाण टाकलं की पुढच्या आठवड्यात तिथे गाड्यांची रांग लागते. फोनच्या फोटोंतलं लोकेशन इथे आल्याआल्या बंद करावं.

नववा दिवस: खोरिक्सास, आउट्यो, एटोशा

आउट्योनंतर अँडरसन फाटक आणि तिथून १७ किलोमीटरवर ओकाउकुएयोचा कॅम्प. १९०७ मध्ये राखीव झालेलं हे रान एका खारट, पांढऱ्या, कोरड्या तळ्याभोवती आहे. तळं जवळजवळ ४८०० चौरस किलोमीटरचं. ताडोबाची सवय असलेल्याला इथे चुकल्यासारखं होतं. जिप्सी नाही, गाइड नाही, वेळेचा स्लॉट नाही. आपली गाडी आपण चालवायची, वेग ६० च्या आत, सूर्योदय ते सूर्यास्त. कुंपणाच्या जागा सोडून कुठेही दार उघडायचं नाही.

पाणवठा कॅम्पच्या पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळी पाणी पिणारे जिराफ मावळतीच्या समोर येतात. जिराफाचे पुढचे पाय फाकलेले आणि मान अर्धी उचललेली असताना तोंडातून पाण्याची धार वळते. तोच क्षण, १/२०००. आकाशावर मोजायचं.

रात्री दिवे लागतात आणि काळे गेंडे येतात. दिवे पिवळे, व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला की प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा. हाताने २८०० केल्व्हिनच्या आसपास लावावा. ट्रायपॉड, एफ ४, आयएसओ ६४००, शटर १/६०. या शटरला चालणारा गेंडा पुसट येतो, पण पाणी पिताना तो मधेच थबकतो. तोंड पाण्याबाहेर काढून कान फिरवतो, तेव्हा तरंगही शांत होतात आणि प्रतिबिंब अख्खं मिळतं. फ्लॅश लावायचा नाही, बाकावर बसलेल्यांशी बोलायचं नाही, ट्रायपॉडचा पाय दगडी भिंतीवर आपटायचा नाही.

दहावा दिवस: सिंह

फाटक उघडताच सरळ ओकोंडेका, वीसेक किलोमीटर. तळ्याच्या काठावरचा हा नैसर्गिक झरा आणि इथे सिंहांचं येणंजाणं असतं. सिंह शोधायचा नसतो, झेब्रे शोधायचे असतात. स्प्रिंगबॉक हरणं आणि झेब्रे पाण्यापासून दोनशे मीटरवर उभे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि कोणी पाण्यावर उतरत नाही, असं दिसलं की त्या दिशेच्या झुडपाच्या बुडाशी दुर्बीण लावायची. कान दिसतो.

मग इंजिन बंद. चालू इंजिनची थरथर बीन बॅगमधूनही ६०० मिलिमीटरला पोचते. खिडकी पूर्ण खाली, गाडीतलं हीटर किंवा एसी बंद. सकाळी गाडीतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडताना लेन्ससमोर हलते आणि सगळे फोटो किंचित मऊ येतात. लोक फोकसला दोष देतात. दहा मिनिटं खिडक्या उघड्या ठेवून आतली-बाहेरची हवा एक झाली की फरक पडतो. बॉनेटच्या दिशेने कधीच रोखायचं नाही, तापलेल्या बॉनेटवरची हवा उकळत असते.

नऊनंतर जमिनीवरची हवाच थरथरायला लागते. चाळीस मीटरवरचा सिंह तरीही मिळतो, दीडशे मीटरवरचा कितीही महागड्या लेन्सने मिळत नाही. पटत नसेल तर त्याच क्षणी दहा फ्रेम घेऊन मोठ्या करून बघाव्यात: प्रत्येकीत मिशा वेगळ्या जागी वाकलेल्या दिसतील. तेव्हा थांबायचं, जेवायचं, झोपायचं.

दुपारी चारनंतर पुन्हा तिथेच. झोपलेल्या सिंहापुढे कंटाळून गाड्या निघून जातात. जांभया मोजत बसावं. एक जांभई म्हणजे काही नाही. मिनिट-दोन मिनिटांत लागोपाठ दोन-तीन आल्या, त्याने एकदा उठून अंग ताणलं, की तो बहुधा चालायला लागतो. पहिल्या जांभईला फोकस लावून ठेवायचा, दुसरी काढायची. १/१०००, एफ ८, कारण जांभईत नाक आणि आयाळ यांच्यात फूटभर खोली असते आणि एफ ४ ला दात येतात, डोळे जातात. जमीन चुनखडीची, पांढरी. एक्स्पोजर दोन तृतीयांशाने वाढवलं नाही तर सिंह करडा येतो. सूर्य सिंहाच्या मागे असेल तर उलट, एक स्टॉप उतरवून आयाळीची कडा तेवढी पेटवायची.

तो गाडीकडे चालत आला तर खिडकीतून कोपर आत. झूम मागे घ्यायचा हे विसरायला होतं आणि मग कार्डवर नुसत्या आयाळीच्या फ्रेम उरतात.

सूर्यास्त सात वाजायला दहा कमी असताना, कॅम्पला त्याआधी पोचायचं, वेग ६०. म्हणजे ओकोंडेकाहून सव्वासहाला निघावंच लागतं. सर्वांत चांगला उजेड त्यानंतर येतो, याला इलाज नाही.

अकरावा दिवस: हलाली

ओकाउकुएयोहून सत्तर किलोमीटर, त्याला अख्खा दिवस. नेब्राउनीच्या पाणवठ्यावर हत्ती पांढरी माती अंगावर उडवून चुनखडीचे पुतळे होतात. दुपारच्या कडक उन्हात काढण्यासारखी ही एकच गोष्ट: कृष्णधवलात, एक स्टॉप वर. साल्वाडोरा आणि सुएडा हे पाणवठे तळ्याच्या काठाला आहेत. मागे काहीच नाही, नुसता पांढरा शून्य. तिथे चित्ता उभा राहिला तर बॅकग्राउंडची काळजी करावी लागत नाही. आम्हाला चित्ता नाही, तरी मोकळ्या पांढऱ्यावर एकटा शहामृग मिळाला.

संध्याकाळी हलालीच्या मोरिंगा पाणवठ्यावर, खडकाच्या बाकांवरून. इथे वर बसून खाली बघावं लागतं आणि बिबट्याची आशा असते. ताडोबावाल्यांनी त्याचा फार मोह धरू नये.

बारावा दिवस: नमुटोनी आणि परत

नमुटोनीजवळच्या झुडपांत डिक-डिक, ससाभर उंचीचं हरीण, डोळ्यांपुढची काळी ग्रंथी काडीच्या टोकाला घासून हद्द खुणावत असतं. खिडकीतून वरून काढलं तर ते खेळण्यासारखं दिसतं, म्हणून बीन बॅग खिडकीवर न ठेवता मागच्या सीटवर बसून खिडकीच्या खालच्या कडेलगत, काच जितकी खाली जाईल तितकी घेऊन काढावं.

मग त्सुमेबवरून विंडहुक, साधारण ५३० किलोमीटर डांबर. निघण्याआधी हवा ३४ वर. अंधार पडायच्या आत पोचायचं. तिन्हीसांजेला रानडुकरं आणि कुडू ही मोठी हरणं रस्त्यावर येतात आणि कुडू काच फोडून आत येतो.

रात्री बीन बॅग उलटी केली. तांदळात वाळू नव्हती, पण बारा दिवसांत त्याचं पीठ झालं होतं. शेवटी सेन्सर तपासायचा: एफ २२ वर भिंतीचा एक फोटो आणि डाग मोजायचे. आमच्या मॅक्रोच्या बॉडीवर तीन, टेलिच्या बॉडीवर सतरा. तिच्या लेन्सचा माउंट पत्र्याच्या रस्त्यावर एक आटा ढिला झालेला होता.